फुलचूरच्या प्लॉटवरचं धान

दुसऱ्याच्या प्लॉटवर भूमिपूजन करणारा आमच्या खानदानातला मी पहिलाच माणूस. दुसरा अजून झालेला नाही.

गोंदिया जिल्हा झाला त्या वर्षाची गोष्ट. भंडाऱ्यातून सुटून आपण स्वतंत्र जिल्हेवाले झालो म्हटल्यावर शहरातल्या प्रत्येकाला वाटू लागलं की आता गोंदिया वाढणार आणि आपणच तेवढे मागे राहणार. मी बँकेत कारकून. बाजारात खाली किराण्याचं दुकान, वर दोन खोल्यांत आम्ही. दलाल म्हणाला, "भाईसाब, फुलचूर में ले लो. आज खेत है, कल देखना." मी घेतला प्लॉट. त्यातलं 'आज खेत है' एवढं शंभर टक्के खरं निघालं. धानाच्या बांध्या मोडून, चुन्याच्या रेघा मारून, दगड रोवून पाडलेला तो ले-आउट. उन्हाळ्यात सगळे प्लॉट एकसारखेच. भेगाळलेली माती, धानाची वाळकी खुंटं आणि कुठेतरी मधातच चरत असलेली बकरी. कोपऱ्यापासून चौथा प्लॉट आपला, हे मी नीट पाठ केलं होतं. कोणत्या कोपऱ्यापासून, हे विचारायचं राहिलं.

बाजारातून पंडितजी आणले. सुनंदा, म्हणजे आमची सौ., नवी साडी नेसून बसली. पूजा सुरू झाली तेवढ्यात एक गृहस्थ लुनावर आले. पांढरा पायजमा, पांढरा शर्ट, डोळ्याला जाड चष्मा. त्यांनी लुना उभी केली, छत्री मिटली आणि भर उन्हात बाजूला हात बांधून उभे राहिले. मला वाटलं, शेजारी असतील. पूजा लांबली, कारण पंडितजींना दक्षिणेचा आकडा आधीच कळला होता. गृहस्थ हलले नाहीत. शेवटी नारळ फुटला, मी मोठ्या मनानं त्यांच्याही हातावर खोबरं ठेवलं. त्यांनी ते सावकाश चावून खाल्लं, रुमालानं हात पुसले आणि विचारलं, "झालं का तुमचं पुरं?"

"झालं ना काका."

"मंग आता जरा बाजूले व्हा. हा प्लॉट माहा आहे."

सुनंदानं माझ्याकडे असं पाहिलं की मी दगडांचे नंबर शोधायला लागलो. ती त्यांना म्हणाली, "मग आधी का नाही सांगितलं हो तुम्ही?"

"पूजा चालू होती ना बाई. मी बौद्ध माणूस, मले त्यातलं काही समजत नाही. पण कोणाच्या मधात कायले बोलाव? अन् जमिनीले तुमी चांगलंच म्हणून राहिले होते. वाईट तं काही नाही बोलले."

पंडितजी म्हणाले, दूसरी जमीन के लिए दूसरा नारियल लगेगा. दुसरा नारळ आणायला लुनावर गेले ते गृहस्थच. गजभिये गुरुजींची आणि माझी ओळख ही अशी.

गुरुजींनी माणसांचे दोनच प्रकार केले होते, मुक्कामी आणि अप-डाऊन. जात, पक्ष, पगार, शिक्षण यातलं ते काही विचारत नसत. नवा माणूस दिसला की पहिला प्रश्न, "मुक्कामी का अप-डाऊन?" डॉक्टर असो, तलाठी असो की कोणाचा नवा जावई. आमच्या गल्लीतल्या एका लग्नात मुलाच्या बापाला त्यांनी विचारलं, "पोट्टा मुक्कामी राहीन ना संसारात?" बाप बिचारा रेल्वेची नोकरी समजावून सांगत बसला.

याला कारण होतं. गुरुजींची सगळी नोकरी दरेकशाच्या डोंगरातल्या गावांमध्ये गेली. बाकीचे मास्तर गोंद्यात राहत आणि गाडीनं जाऊन-येऊन करत. गाडी उशिरा आली की शाळा उशिरा भरे, परतीची गाडी लवकर आली की लवकर सुटे. "शाळा काही सरकार चालवत नव्हतं," गुरुजी म्हणत, "स्टेशनमास्तर चालवून राहिला होता." हे एकटे बायकोमुलांसकट गावात राहत. संध्याकाळी गाडी निघून गेल्यावर यांची दुसरी शाळा सुरू होई. ज्या पोरांना दिवसा ढोरांमागे जावं लागे त्यांची. गोंडीत बोलणाऱ्या पोरांना मराठी शिकवता शिकवता हेच गोंडी शिकले. राग आला की त्याच भाषेत पुटपुटत. काय म्हणाले ते आम्हाला कधी कळलं नाही, पण ऐकणाऱ्याला बरं वाटावं असं नसावं.

गुरुजींचं मूळ गाव बिरसीच्या अलीकडचं. तिथं त्यांनी पगारातून वाचवून धानाची थोडी जमीन घेतली होती. आणि फुलचूरचा प्लॉट त्यांनी घेतला तो कांताबाईंना दिलेल्या शब्दापोटी. कांताबाई म्हणजे त्यांच्या पत्नी. बाई ठेंगणी, हसतमुख आणि बोलायला लागली की गुरुजींसकट कोणाचीही गय नाही. सगळ्या मुलखासारखं त्याही नवऱ्याला 'गुरुजी'च म्हणत. "रिटायर झालो का तुले गोंद्यात घर बांधून देतो," असा शब्द होता. नळ, फरशी, जवळ डॉक्टर. दरेकशाच्या दिवसांत हापशीचं पाणी डोक्यावरून आणत आणि तापानं फणफणलेलं पोर घेऊन गाडीची वाट पाहत त्यांनी वर्षं काढली होती.

आमचं घर उभं राहिलं. गल्लीत एकेक घर उभं राहत गेलं. गुरुजींचा प्लॉट तसाच. आणि मग एका पावसाळ्यात पाहतो तर काय, गुरुजी पायजमा गुडघ्यावर गुंडाळून प्लॉटवर धान रोवून राहिलेले! चारी बाजूंनी धुरे बांधलेले, मधात पाणी तुंबवलेलं, गावाकडून आणलेल्या पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंड्या. एका बाजूला आमचा गुलाबी रंगाचा बंगला, दुसऱ्या बाजूला राईस मिलवाल्या शेठचं दुमजली घर, आणि मध्ये हिरवीगार बांधी.

शेठ गॅलरीतून ओरडले, "गुरुजी, ये क्या कर रहे हो? मच्छर हो जाएंगे!"

"मच्छर तुमच्या नालीतले आहेत शेठ. माह्या बांधीतले बेंडूक तेच खाऊन राहिले. उलटं तुमी मले काही द्या."

"घर कब बनाओगे?"

"एवढं धान निघू द्या. मंग पाया."

हे 'एवढं धान' पुढं दरवर्षी आलं. कापणी झाली की ते गल्लीतल्या घराघरात नव्या चिन्नोर तांदळाची पिशवी नेऊन देत. शेठच्या घरी सगळ्यात आधी. त्या तांदळाचा भात शिजायला लागला की वास गल्लीभर जाई, आणि मच्छरांचा विषय पुढच्या पावसाळ्यापर्यंत मिटे. सुनंदाला सुरुवातीला फुलचूर अजिबात आवडत नव्हतं. "इथं संध्याकाळी सात वाजता कुत्री पण कंटाळतात," म्हणायची. मी मात्र बाजारात सगळ्यांना सांगत फिरायचो की मोकळी हवा, शांतता, पाखरं! फिरायचो बाजारातच, हे गुरुजींनी बरोबर हेरलं. एकदा मी संध्याकाळचा स्कूटर काढत होतो, जुन्या मित्रांकडे चहाला. ते धुऱ्यावर बसले होते. म्हणाले, "भाऊ, तुमी फुलचूरले अप-डाऊन करून राहिले. मुक्कामी तं बाई आहे इथं."

सुनंदानं ते ऐकलं. त्या दिवसापासून गुरुजी तिचे झाले.

रिटायर झाल्यापासून गुरुजी गावच्या घरी राहत होते. मातीच्या घराला त्यांनी सिमेंटची सपरी, म्हणजे ओसरी, जोडली. दारावर नावाची पाटी आणि चक्क घंटीचं बटण. दार कधीच बंद नसे, त्यामुळे ते बटण फक्त पोरं दाबत. डोक्यावरून दिवसभर बिरसीच्या धावपट्टीवर विमान शिकणाऱ्या पोरांची छोटी विमानं घिरट्या घालत. म्हशीसुद्धा मान वर करत नसत. नागपूरला मुलगा होता, इंजिनियर, सहाव्या मजल्यावर. त्यानं दोघांनाही बोलावलं. आठवडाही न काढता गुरुजी एकटेच परत आले. मी विचारलं, "काय गुरुजी, करमलं नाही?"

"लिफ्टमध्ये रोज एक बाई भेटे. मी रोज नमस्कार करो. एक दिवस तिनं सुनेले विचारलं, तुमच्या सासऱ्याले काही त्रास आहे का म्हणून."

कांताबाई मात्र तिकडून थेट गावाला गेल्या नाहीत. नागपूरची बॅग घेऊन रिक्षानं आमच्या दारात उतरल्या आणि सुनंदाला म्हणाल्या, "बाई, तुमची वरची खोली रिकामी आहे ना? मले द्या. रीतीप्रमाणे भाडं घ्या."

"अहो पण गुरुजी?"

"त्यायले त्यायची शेती करू द्या. मी घराशेजारी राहते. घर दिसत नाही, पण त्याची जागा तं दिसते."

खिडकीतून खाली त्यांचा प्लॉट, त्यात पोटरीला आलेलं धान.

मग सुरू झालं ते आम्ही कधी विसरणार नाही. रोज दुपार कलली की गुरुजींची लुना फाटकाशी थांबे. हँडलला वांगी, नाहीतर शेंगा, नाहीतर सुकट बांधलेली. स्वतःच्या बायकोला भेटायला हा माणूस आमची घंटी वाजवे. सुनंदा म्हणायची, "गुरुजी, सरळ वर जा ना." ते म्हणत, "नाही बाई, दुसऱ्याचं घर आहे." कांताबाई जिन्यावर येऊन बसत, गुरुजी खालच्या पायरीवर. चहा होई. अंधार पडायच्या आत लुना परत. लग्नाला इतकी वर्षं झालेली जोडी, नातू शाळेत जाणारा, आणि गल्लीतल्या पोरी खिडकीआडून पाहून हसत.

मी खाली पेपर वाचायचो. पेपर वाचताना कान बंद होत नाहीत, हा काही माझा दोष नाही.

एकदा त्यांचं वाजलं. कांताबाई म्हणाल्या, "किती दिवस असं अप-डाऊन करान गुरुजी?"

हा शब्द गुरुजींना बायकोकडून अपेक्षित नव्हता. ते म्हणाले, "कांता, माहा बाप लोकायच्या बांधीत रोवणा करत मेला. धुऱ्यावर बसून भाकर खायची बी त्याले मुभा नव्हती. आता सातबाऱ्यावर गजभिये नाव चढलं आहे. मी तिथून उठलो का ते पुसल्यासारखं वाटते मले."

"माही माय बी त्याच चिखलात होती," कांताबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "तिनं मले काय सांगितलं, माहीत आहे? पोरी, तू यातून निघ. मास्तर पाहून दिला तो त्याच्यासाठीच. मी निघाली, अन् तुमी मले फिरून तिथंच नेऊन राहिले. तुमच्या बापाचं नाव पुसते, अन् माह्या मायचं बोलणं? ते पुसलं तं चालते?"

गुरुजींनी चहाची बशी पायरीवर ठेवली. कपात तसाच चहा. लुना सुरू व्हायला त्या दिवशी फार किका लागल्या.

मी हे सुनंदाला सांगायला आत गेलो, तर ती आधीच दाराआड उभी होती. खरं सांगायचं तर कोणाची बाजू घ्यावी तेच समजेना. माझ्यासारख्याला घर कुठं घ्यायचं म्हणजे बाजार किती जवळ आणि पाणी किती वेळ, एवढाच हिशेब. या दोघांना कुठं राहायचं म्हणजे आईबापांपैकी कोणाचं ऐकायचं, असा तो पेच होता. आणि दोघंही बरोबर होते.

त्या पुढच्या पावसाळ्यात मजूर मिळेनात. पाऊस वेळेवर, पऱ्हे तयार, आणि बाया सगळीकडे गुंतलेल्या. कांताबाईंनी कोणाला न विचारता बॅग भरली आणि गावाला गेल्या. रोवणा आटोपल्यावर परत आल्या तेव्हा जिना चढवेना. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या, टाचा फाटलेल्या, कंबर धरलेली. सुनंदानं त्यांना खालीच आमच्या सोफ्यावर बसवलं आणि घमेल्यात कोमट पाण्यात मीठ घालून पाय ठेवायला लावले.

तेवढ्यात घंटी वाजली. गुरुजी. हातात भाजीची पिशवी. दारातून त्यांना घमेल्यातले ते पाय दिसले. पांढरेफटक, सुजलेले.

"जास्त नाही," कांताबाई म्हणाल्या, "दोन दिवसांत बरे होतीन. तुमी बसा."

ते बसले नाहीत. चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला. "शेत माह्या नावावर," ते म्हणाले, "अन् पाय हिचे." कोणाला म्हणाले कोण जाणे. पिशवी टेबलावर ठेवली आणि गेले.

त्या वर्षीचं धान प्लॉटवरून निघालं. त्यानंतर तिथं पुन्हा पऱ्हे आले नाहीत. एका सकाळी मी दात घासत गॅलरीत आलो तर गुरुजी आणि एक मिस्त्री प्लॉटवर चुना टाकत होते. मी तोंडातल्या फेसासकट ओरडलो, "गुरुजी! पाया?"

"पाया," ते म्हणाले. "या खाली. तुमी पूजा करूनच ठेवली आहे, माहा नारळ वाचला."

घर झालं. स्वयंपाकघरात नळ, खाली फरशी, पुढं मात्र गावासारखी सपरी आणि मागं भाजीपाल्याला सांदवाडी. घरभरणीला भन्तेजी आले, बुद्धवंदना झाली, खीर झाली. शेठनी स्टीलची टाकी भेट दिली. कांताबाई त्या दिवशी पाहुण्यांना सोडून चार-चार वेळा स्वयंपाकघरात जात आणि नळ सोडून बंद करत. सुनंदानं विचारलं, "काय करता हो?" तर म्हणाल्या, "काही नाही. येते का ते पाहून राहिली."

गुरुजी फुलचूरला राहायला आले. म्हशी विकल्या. शेत मात्र विकलं नाही, ठेक्यानंही दिलं नाही. सकाळी डबा घेऊन लुनावर गावाला, संध्याकाळी परत. जन्मभर ज्यांना नावं ठेवली त्यांच्यातलेच एक झाले. आम्ही कशाला सोडतो? पहिल्याच आठवड्यात मी फाटकाशी गाठलं. "काय गुरुजी, मुक्कामी का अप-डाऊन?"

ते थांबले. मला वाटलं रागावणार, निदान गोंडीत तरी काही पुटपुटणार. पण म्हणाले, "अप-डाऊन. पण पास काढला आहे, भाऊ." आणि हसले. त्यांचे खालचे दोन दात नव्हते, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

गल्लीत ते रमले असं मी म्हणणार नाही. संध्याकाळी सपरीत खुर्ची टाकून बसत, येणाऱ्या-जाणाऱ्याला गाव विचारत. माणसं थांबत, कारण गोंद्यात प्रत्येकाला कुठलं तरी गाव असतंच. फक्त कोणी विचारत नाही. राजस्थानातून आलेल्या शेठना त्यांनी त्यांच्या गावच्या विहिरीपर्यंत विचारत नेलं होतं. कधी मात्र बसल्या बसल्या नजर हरवायची. समोर बांधी नव्हती, रस्ता होता. कांताबाई आतून भांडी आपटून काहीतरी विचारत आणि ते परत येत.

गुरुजी गेले त्याला आता वर्षं झाली. पण डोळ्यांसमोर येतात ते त्यांच्या शेतावरचे.

आम्ही दोघं बिरसीकडच्या एका गावी पाहुण्यांकडे गेलो होतो. परत येताना सुनंदा म्हणाली, गुरुजींचं शेत वाटेतच आहे, पाहून जाऊ. रोवण्याचे दिवस. आभाळ भरलेलं, पण पाऊस उघडलेला. धुऱ्यावरून मी माझे ऑफिसचे बूट सांभाळत चालत होतो, म्हणजे घसरत होतो. गुरुजी गुडघाभर चिखलात पेंड्या फेकत होते. बायांची ओळ वाकून रोवत मागं मागं सरकत होती. आणि धुऱ्यावर, पळसाखाली, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर कांताबाई. पायांत चपला, इस्त्रीची साडी, मांडीवर चहाचा थर्मास. सुनंदानं पुढं होऊन त्यांचा हात धरला.

"तुम्ही पण आलात शेतावर?"

"हे म्हातारे झाले बाई. एकट्याले लुनावर सोडवत नाही. मागं बसून येते, पाचच्या आत घेऊन जाते. नळ येते ना."

ओळीतली एक तरणी बाई कंबर सरळ करून ओरडली, "अवो मास्तरीनबाई, खुर्चीवर काऊन बसल्या? या ना, दोन मुठी लावा! विसरल्या का शहरात जाऊन?"

बाया हसल्या. कांताबाईही हसल्या आणि गंमतीनं पदर खोचल्यासारखं केलं, उठल्याही अर्ध्या.

"नाही," गुरुजी म्हणाले.

मोठ्यानं नव्हे. पण हसणं थांबलं. त्यांनी हातातली पेंडी तशीच धरली होती, पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं.

"बस तू," ते कांताबाईंना म्हणाले. मग बायांकडे वळून, "तिचा रोवणा झाला."

कांताबाई खाली बसल्या. थर्मासचं झाकण उघडलं आणि आम्हाला चहा ओतू लागल्या. ओतताना वर पाहिलं नाही. गुरुजींनी पेंडी फेकली आणि पुन्हा वाकले. बायांची ओळ पुन्हा मागं सरकायला लागली. चहा पिऊन निघताना मी हात केला. त्यांनी चिखलाचा हात वर केला. त्या अंतरावरून चेहरा दिसत नव्हता, चष्म्याच्या काचा तेवढ्या चमकल्या.

परतीच्या रस्त्यावर सुनंदा मागं बसून काही बोलेना. एरवी गाडीवर तिचं बोलणं हॉर्नपेक्षा जास्त ऐकू येतं. मीच म्हणालो, "खुर्चीवर काय थाटात बसल्या होत्या कांताबाई, नाही?" बिरसीचा फाटा गेला. मी म्हणालो, "गुरुजी थकले आता." फुलचूर आलं, गल्ली आली, फाटकाशी मी स्कूटर बंद केली. ती उतरली, साडीच्या निऱ्या झटकल्या आणि म्हणाली, "आज संध्याकाळचा स्वयंपाक तुम्ही करायचा. आणि कुठं काय ठेवलंय ते मला विचारायचं नाही."